पेशंटचे घरमालक

काही पत्रांना उत्तर द्यायचे राहून जाते आणि काहींना आपण ते देत नाही. माझ्या बाबतीत यातले नेमके काय झाले, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पत्र चांगले होते. अक्षर गोलसर, मजकूर पानभर, कुठे खाडाखोड नाही. ते टपालाने आले नव्हते. ज्या प्रकाशनसंस्थेची प्रुफे मी उभा जन्म तपासली, तिथल्या शिपायाने ते नव्या गठ्ठ्याबरोबर आणून दिले. पाकिटावर माझे नाव नव्हते. ‘मुद्रितशोधक यांस’ एवढेच होते. मुद्रितशोधकाचे नाव पुस्तकावर छापत नाहीत. त्या कामात मी टिकलो, त्याचे हेही एक कारण असावे.

पत्र लिहिणाऱ्या बाई एका संशोधनसंस्थेत होत्या. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांचे आरोग्य, या विषयावर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिले होते आणि त्याची प्रुफे माझ्याकडे आली होती. लागण, तपासण्या, दारू, निद्रानाश, जीव देण्याचे प्रयत्न, डॉक्टरांना टाळण्याची कारणे, अशी एकेक प्रकरणे. ती वाचताना मी मान वर करत नसे. कुणी समोर नसले तरी.

आमच्या कामात एक रीत आहे. मुद्रितशोधकाने ऱ्हस्वदीर्घ पाहावे, सुटलेली ओळ पकडावी, मत देऊ नये. फारच अडले तर समासात पेन्सिलने, पुसता येईल इतक्या हलक्या हाताने, शंका लिहावी. म्हातारपणावरच्या प्रकरणाच्या शेवटी मी अशी एक शंका लिहिली: ‘दोघे एकत्र राहतात. एक आजारी पडला तर दवाखान्यात दुसऱ्याने स्वतःला कोण म्हणवावे? हे आलेले नाही.’ लिहून झाल्यावर ती पुसायला रबरही हातात घेतले. मग दूध उतू गेल्याचा वास आला, मी उठलो, आणि शंका तशीच गेली.

बाईंनी लिहिले होते: ‘ते आलेले नाही, कारण ते मला कुणी सांगितलेले नाही. तरुण मुले बोलतात. साठीपुढची माणसे दार उघडत नाहीत. तुमची शंका मला मुद्रितशोधकाची वाटली नाही. माझी चूक होत असेल तर क्षमा करा. नसेल तर तुम्हा दोघांना भेटायला मी येऊ का? पुढच्या आवृत्तीत हे प्रकरण घालायचे आहे. नावे येणार नाहीत.’

‘तुम्हा दोघांना.’ या दोन शब्दांपाशी मी पत्राची घडी घातली आणि ती पुन्हा उघडली.

त्या दोघांपैकी दुसरा म्हणजे दातार. हे त्याचे आडनाव नव्हे. तो दातांच्या कवळ्या बनवत असे. दातांचे डॉक्टर तोंडाचे माप पाठवत, हा त्यावरून प्लॅस्टरचा जबडा ओती, त्यावर मेण लावी, मेणात दात बसवी. दात देतो तो दातार, असे कुणीतरी गमतीने म्हणाले आणि ते त्याला चिकटले. रस्त्यात कुणी हसले की तो माझ्या कानाशी येऊन म्हणे, ‘खालची माझी, वरची दुसऱ्या कुणाची तरी. बघ कशी पुढं आलीय.’

मी पत्र लपवले नाही. माझ्याने ते जमले नसते. त्याने ते खिडकीशी नेऊन, हात लांब धरून वाचले.

‘बाई हुशार आहे,’ तो म्हणाला. ‘मी कवळीवरून माणूस ओळखतो, हिनं पेन्सिलीवरून ओळखला.’

‘हळू बोल.’

‘कोण ऐकतंय? भिंतींना कान असतात, कबूल. पण आपल्या भिंतींना आता आपला कंटाळा आलाय.’

‘काय लिहू मी तिला?’

‘लिही, या म्हणून. चहा करू. मी धुतलेला शर्ट घालून बसतो.’

‘आणि तिने छापलं म्हणजे?’

‘छापू दे ना! प्रुफं तुझ्याकडेच येणार. नाही आवडलं तर खोडून टाक, ग्रंथराज.’

घरात तो मला ग्रंथराज म्हणे. बाहेर ‘मालक’. घरात मी त्याला ‘अरे’ म्हणे आणि दाराची घंटा वाजली की ‘अहो’. इतक्या वर्षांत एकदाही जीभ घसरली नाही. याचा मला अभिमान वाटत असे, हे लिहायला हवे.

घर माझ्या आईचे. मागची खोली गल्लीकडे उघडत असे, तिला स्वतंत्र दार होते, म्हणून आई ती भाड्याने देई. दातार तिथे भाडेकरू म्हणून आला, कारखाना थाटला. आईला तो आवडे, कारण तिची कवळी त्याने आठ वेळा घासून दिली आणि नवव्यांदाही कुरकुर केली नाही. पुढे आई गेली. भाडेकरू राहिला. मधले दार, जे तिच्या काळी कपाटाने झाकलेले होते, ते मोकळे झाले. पण बाहेरून सगळे जसेच्या तसे ठेवले: दोन घंटा, दोन टपालपेट्या, आणि कारखान्याच्या कोपऱ्यात एक लोखंडी कॉट. त्या कॉटवर तो कधीही झोपला नाही. रोज सकाळी मात्र तो तिथे जाऊन, ढुंगण टेकून, चादर विस्कटून येई. ‘चला, झोपून आलो,’ म्हणे. गिऱ्हाईक यायचे, डॉक्टरांचे नोकर यायचे, वर्षाकाठी एकदा त्याची बहीण यायची. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे त्याने त्या कॉटकडे बोट दाखवून मला इतक्यांदा ऐकवले होते की मी चिडत असे.

उत्तराचे मी मसुदे केले. पहिल्यात ‘आम्ही’ लिहिले, ते ‘मी’ केले. ‘मी’ खोटे वाटले, म्हणून ‘एक परिचित’ केले. परिचिताबद्दल इतके तपशील कसे ठाऊक, हे पटेना. दातार अधूनमधून विचारी, ‘गेलं का पत्र?’ मी म्हणे, ‘शेवटचा परिच्छेद राहिलाय.’ तो म्हणे, ‘तुझा शेवटचा परिच्छेद आणि माझ्या बहिणीचं येते-येते, दोन्ही सारखंच.’ मग त्याने विचारणे सोडले. पुस्तक छापून आले. मी माझी प्रत कपाटात मागच्या रांगेत ठेवली.

त्याला रक्तदाब होता. हे आम्हाला माहीत होते आणि नव्हतेही. पूर्वी एका डॉक्टरांकडे तो जात असे. त्यांनी विचारले, बायको मीठ कमी घालते का? तो म्हणाला, घालते. पुढच्या खेपेला विसरून म्हणाला, लग्न नाही केलं. डॉक्टरांनी कागद मागे-पुढे करून पाहिले आणि हसले. हा परतला तो दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला. तिथे विधुर झाला. मग म्हणाला, ‘एका दाबासाठी किती बायका मारू?’ आणि जाणेच बंद केले. बाईंच्या पुस्तकात चौथे प्रकरण याच गोष्टीवर होते. त्यातली स्वल्पविरामांची चिन्हे मी फार काळजीपूर्वक तपासली होती.

एका दुपारी मी बसल्या बसल्या पेंगत होतो. मागे कवळी घासायच्या मोटारीचा आवाज चालू होता. तो आवाज कधी एकसारखा नसतो. दात टेकला की जड होतो, उचलला की हलका. त्या दुपारी तो हलकाच राहिला. थांबेना. मी गेलो तर दातार टेबल आणि कॉट यांच्यामध्ये जमिनीवर होता. तोंड एका बाजूला ओघळले होते. मला पाहून त्याने काहीतरी म्हटले, पण त्यात शब्द नव्हते. प्लॅस्टरची पांढरी धूळ त्याच्या भुवयांवर होती. मी आधी ती पुसली. का, कुणास ठाऊक. मग शेजाऱ्यांना हाक मारली.

इस्पितळाच्या खिडकीशी बसलेल्या मुलीने मान वर न करता विचारले, ‘पेशंटचे कोण तुम्ही?’

‘घरमालक,’ मी म्हणालो.

मला कुणी दरडावले नव्हते. मागे रांग होती, पण माझ्याकडे कुणी पाहतही नव्हते. आपले नाव विचारल्यावर जितका विचार करावा लागतो, तितकाच मी केला.

‘नातेवाईक?’

‘बहीण आहे. भाचा आहे. बाहेरगावी.’

‘नंबर?’

नंबर मला पाठ होता. मी तो आकडा-आकडा करून सांगितला.

‘बरं झालं तुम्ही आणलंत. नाहीतर हल्ली कुठला घरमालक एवढं करतो?’ आता तिने माझ्याकडे पाहिले. ‘ते लोक येतीलच. तुम्ही गेलात तरी चालेल, काका.’

मी गेलो नाही. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाक होता, त्यावर बसलो. आत सोडत ते फक्त नातेवाइकांना. दाराशी बसलेला माणूस सज्जन होता. त्याने मला स्वतःच्या डब्यातली पोळी देऊ केली. ‘तुम्ही कुणाचे?’ त्याने विचारले. मी त्यालाही तेच सांगितले. तो म्हणाला, ‘मग कशाला थांबलाय? खोलीला कुलूप आहे ना?’

भाचा सकाळी आला. नळ आणि फरश्या विकण्याचा त्याचा धंदा. वाईट असता तर किती सोपे झाले असते! पण तो आला तो सरळ माझ्या पाया पडला. ‘मालक, तुमच्यामुळे मामा वाचले.’ आणि आत गेला. त्याच्या मागे ते दार आपोआप मिटले. काचेतून मला दातारच्या पायाचा अंगठा दिसत होता. तो मला कुठेही ओळखू आला असता.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी हिय्या केला. तरुण डॉक्टर जिन्याशी भेटले.

‘डॉक्टर, एक सांगायचं होतं. मी घरमालक आहे, पण नुसता घरमालक नाही.’

‘म्हणजे?’

जिन्यावरून माणसे चढत-उतरत होती. ‘म्हणजे आम्ही... बरीच वर्षं... बरोबर जेवतो.’

डॉक्टर विचारात पडले. ‘खाणावळ आहे का तुमची?’ त्यांनी विचारले. टिंगल नव्हती त्यात. खरोखरच त्यांना कळून घ्यायचे होते. ‘मग मीठ किती जात होतं पोटात, ते सांगू शकाल तुम्ही.’

मी मिठाचे सांगितले. त्यांनी लिहून घेतले आणि आभार मानले.

दातार वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. लिहायचा हातही उजवाच. जो माणूस झोपेतसुद्धा बडबडत असे, तो आता नुसता बघे. सामान्य विभागात आणल्यावर मला दुपारी भेटता येऊ लागले. भाचा स्टुलावर, मी उभा. मी म्हणे, ‘कसं वाटतंय तुम्हाला?’ दातार माझ्याकडे पाहत राही. त्या ‘तुम्हाला’चा त्याला राग येत असेल की हसू, मला समजत नसे. पूर्वी डोळे काही म्हणाले की तोंड लगेच त्याचा खुलासा करी. आता नुसत्या डोळ्यांवरून वाचणे मला जमेना.

घरी सोडण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. कुठल्या घरी, हा प्रश्न फक्त माझ्या डोक्यात होता. मी भाच्याला बाजूला घेतले.

‘इथेच राहू द्या त्यांना. माझ्याकडे. मी बघेन.’

‘मालक, तुम्ही म्हणजे देवमाणूस,’ त्याने माझे हात धरले. ‘पण चांगलं दिसेल का ते? सख्खा भाचा जिवंत असताना घरमालकाच्या गळ्यात घातलं, म्हणतील लोक. आणि तुमचंही वय बघा. तुम्हाला कोण बघणार?’

‘सवय आहे त्यांना त्या जागेची.’

त्याचा चेहरा जरा बदलला. काहीतरी लक्षात आल्यासारखे तो म्हणाला, ‘खोलीची काळजी करू नका. अडकवून ठेवणार नाही. येत्या रविवारी रिकामी करून देतो, किल्ली तुमच्या हातात. मग सावकाश बघा दुसरा भाडेकरू.’

हे बोलणे दातारच्या खाटेपासून चार पावलांवर चालले होते. त्याला ऐकू येत होते. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने डावा हात चादरीवरून उचलला, माझ्या दिशेने, उताणा, आणि तो तसाच धरून ठेवला. बोल, म्हणत होता. मूर्खालाही कळले असते. आयुष्यभर आमच्या दोघांच्या वतीने तो बोलत आला होता. दुकानात, बँकेत, शेजाऱ्यांशी. आता पाळी माझी होती. वाक्य फार मोठे नव्हते. तोंडही उघडले मी.

‘नीट न्या हं त्यांना,’ मी म्हणालो. ‘मान सांभाळा.’

हात खाली गेला.

रविवारी भाचा दोन हमाल घेऊन आला. मधले दार मी आदल्या दिवशीच लावून घेतले होते आणि पुन्हा कपाट सरकवले होते; एकट्याने, पाठ धरली तरी. कुणी सांगितले होते मला? कुणीच नाही. मोटार, साचे, मेणाचे डबे खोक्यांत गेले. फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. भाचा म्हणाला, ‘हे काय करायचं? बघवत नाही,’ आणि ते पोत्यात भरले. त्यात माझाही एक होता. मी मागितला नाही. घरमालकाला काय करायचा आहे भाडेकरूने केलेला जबडा?

मग भाचा कॉटकडे वळला.

‘ही आधी घ्या रे. मामांची कॉट. आपल्या अंथरुणावर माणसाला बरं वाटतं.’

‘नवी घेतलीत तर?’ मी म्हणालो. ‘ही जुनी झालीय. करकरते.’

‘असू दे हो मालक. तीस वर्षं झोपलेत यावर. दुसरीकडे डोळा लागायचा नाही त्यांचा.’

दारातून ती निघेना. एक पाय अडकत होता. भाचा म्हणाला, ‘मालक, जरा तेवढा कोपरा उचलता?’ मी उचलला. अंगणात नेल्यावर हमालाने गादी उलटीपालटी केली आणि म्हणाला, ‘जपून वापरलीय हो. खळगासुद्धा पडला नाही.’

आमच्या खोलीत त्याची उशी होती. तेलकट, मध्ये दबलेली, त्याच्या डोक्याच्या आकाराची. ती तिथेच राहिली. भाच्याच्या लेखी त्याचे या खोलीत काहीच नव्हते.

काही आठवड्यांनी मी त्यांच्या गावी गेलो. फोनवर भाचा म्हणाला होता, या ना, मामांना बदल वाटेल. दिवाणखान्यातच भिंतीला लागून ती कॉट मांडली होती. घर स्वच्छ होते, दातारचे कपडे स्वच्छ होते, दाढी केलेली होती. बहिणीची सून चहा घेऊन आली. तिने त्याच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितले, ‘मामा, बघा कोण आलंय! तुमचे घरमालक!’

त्याने पाहिले. मी खुर्चीच्या काठावर बसलो. कवळी काढून ठेवलेली असल्याने तो खूप म्हातारा दिसत होता. दुसऱ्यांचे दात करणाऱ्याचे स्वतःचेही खोटेच होते. मी हवापाण्याचे बोललो. मोटार कुणी विकत घेतली का, विचारले. टीव्ही चालू होता.

‘त्रास काही नाही हो त्यांचा,’ सून म्हणाली. ‘एकच आहे. कितीही मधोमध निजवा, सरकत सरकत पार भिंतीला लागतात. तो चांगला हात भिंतीवर घासून सोलून घेतला. अर्धी कॉट मोकळी आणि हे कडेला अंग चोरून. आता मधे उशा लावून बांधून ठेवतो.’

मी त्या उशांकडे पाहिले. तो मोकळी सोडत होता त्या अर्ध्यात झोपायचो मी. भिंतीकडची बाजू त्याची, दाराकडची माझी. रात्री मला वाचायला उजेड लागे म्हणून. दातार माझ्याकडे बघत होता. या वेळी खुलाशाची गरज नव्हती.

‘असू द्या ना सरकले तर,’ मी म्हणालो.

‘पडले-बिडले म्हणजे?’

‘भिंतीकडे कसे पडतील?’

‘सवय वाईट हो,’ ती म्हणाली, आणि उशी आणखी घट्ट दाबली.

निघताना मी त्याच्या डाव्या हातावर हात ठेवला. सगळे बघत होते, म्हणून लगेच काढला.

बहीण फाटकापर्यंत सोडायला आली. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. गुडघे धरून चालत होती.

‘ताई, मला तुम्हाला एक सांगायचंय.’

‘नका सांगू.’

‘तुम्हाला माहीत नाही मी काय—’

‘माहीत नसतं तर ऐकलं असतं, मालक.’ तिने मागे वळून घराकडे पाहिले. ‘सून बघितलीत ना? परक्याची मुलगी. त्याचं सगळं करते, पुसते, भरवते. काय समजून करते? सासूचा भाऊ, बिचारा, एकटा, संसार झाला नाही. तेवढंच समजू दे तिला. उद्या तिनं हात आखडता घेतला तर मी म्हातारी कुठं पुरी पडू?’

‘मग मला द्या त्याला.’

‘त्याला’ म्हटले मी. तिच्यापुढे पहिल्यांदाच.

तिला राग आला नाही. आला असता तर बरे झाले असते. ती हळू आवाजात म्हणाली, ‘कोण म्हणून देऊ? सांगा ना. मुलाला काय सांगू, सुनेला काय सांगू? कोण म्हणून?’

मित्र म्हणालो असतो तर तिने मान हलवली असती. मित्र काय, ढिगाने असतात. दुसरे शब्द मला ठाऊक होते. बाईंच्या पुस्तकात ते पानोपानी होते, मी ते एकेक अक्षर तपासलेले होते. पण ते कधी तोंडातून काढलेले नव्हते, आणि फाटकाशी उभे राहून, कामवाली भांडी घेऊन शेजारून जात असताना, ते बोलायला शिकणे मला साधले नाही.

‘तुमची गाडी चुकेल,’ ती म्हणाली. थोडे थांबून म्हणाली, ‘आणि मालक, परत येऊ नका. तुम्ही येणार म्हणून फोन आला ना, तेव्हापासून तो जेवला नव्हता. आणि आता तुम्ही गेलात म्हणून जेवणार नाही. मला बघवत नाही ते.’

मी परत गेलो नाही. फोन मात्र करत असे. भाचा म्हणे, आहे तसंच आहे. पुढे म्हणू लागला, फारसं खात नाहीत. मग एकदा मी फोन केला तर तो म्हणाला, ‘अरे मालक! तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं. गेल्या आठवड्यात गेले हो मामा. झोपेतच. इतकी गडबड झाली, नातेवाइकांनाच कसंबसं कळवलं.’ मी म्हणालो, ‘वाईट झालं.’ तो म्हणाला, ‘सुटले म्हणायचं. तुम्हाला मिळाला का कुणी खोलीला?’

मी म्हणालो, ‘बघतोय.’

त्यानंतर शोक करायला लोक यायचे असतात, पण मी कुणाचा कोण होतो? शेजारीण म्हणाली, ‘तुमचा भाडेकरू गेला म्हणे. भला माणूस होता. माझ्या सासऱ्यांची कवळी त्याचीच.’ तिच्याशी मी कवळीबद्दल बराच वेळ बोललो. तिला कंटाळा येईपर्यंत. दुसरे कुणी नव्हते ज्याच्याशी त्याच्याबद्दल बोलता येईल.

परवा प्रकाशनसंस्थेत गेलो होतो. बाईंच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती फळीवर होती. तिची प्रुफे माझ्याकडे आली नव्हती. तेव्हा मी कामे नाकारत होतो. उभ्या उभ्या म्हातारपणाचे प्रकरण काढले. जुन्याच जागी सुरू होते, जुन्याच ओळीवर संपत होते. नव्या प्रकरणाचा पत्ता नव्हता. व्यवस्थापक म्हणाले, ‘आता तिसरी निघेलसं वाटत नाही. खप नाही. त्या बाईही ती संस्था सोडून गेल्या म्हणतात. कुठे गेल्या, माहीत नाही. का हो?’

‘एक शंका होती,’ मी म्हणालो.

घरी येऊन उत्तर लिहिले. मसुदा केला नाही.

‘आपले पत्र मिळाले होते. उत्तराला उशीर झाला. आपण दोघांना भेटायला येऊ का, असे विचारले होते. त्यातला एक आता नाही. त्याला आपण यावे असे फार वाटत होते; तो शर्ट बदलून बसणार होता. उशीर त्याच्यामुळे झाला नाही, माझ्यामुळे झाला.

‘दुसऱ्याने स्वतःला कोण म्हणवावे, हे मी आपल्याला विचारले होते. मला अजून माहीत नाही. मी खिडकीशी घरमालक म्हणालो. पुढे जे झाले ते सोबतच्या पानांवर लिहिले आहे. त्याला आकार नाही, कारण मी लेखक नाही. त्यातून एखाद्या जोडप्याला काही उपयोग होईल असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. ज्याच्यावर वेळ येते त्याच्या तोंडून सवयीचेच निघते, आणि सवय पुस्तक वाचून जात नाही. मी तर आपले पुस्तक दोन वेळा, अक्षर न अक्षर वाचले होते. तरी आपण विचारले होते, म्हणून कळवतो. आपण नावे घालणार नाही असे म्हणाला होतात. माझे घातले तरी चालेल. त्याचे घालता येणार नाही. ते आता त्याच्या बहिणीकडे आहे.’

खाली पूर्ण नाव लिहून सही केली. पाकिटावर जुन्या संस्थेचाच पत्ता घातला, कारण दुसरा नव्हता. तिकिटे जास्तीची लावली. कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी गेलो. पाने बरीच होती, पाकीट फुगले होते आणि पेटीचे तोंड अरुंद. एकदा ढकलून गेले नाही. हाताने दाबून चपटे केले, पुन्हा ढकलले, आणि ते आत पडले.